डिपोटी, बोर्ड आणि बदली

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेत गेलात, तर मुख्याध्यापकांच्या खोलीत तसबिरींच्या खाली एक लाकडी फळा दिसतो. काळ्या रंगावर पांढरी अक्षरे, वर 'मुख्याध्यापकांची नावे व कार्यकाल' असा मथळा आणि खाली नाव, पासून, पर्यंत असे तीन रकाने. जुनी नावे पिवळी पडलेली, नवी ऑइलपेंटने ठसठशीत. असे फळे वहीत उतरवून घेण्याची सवय मला गेली काही वर्षे लागली आहे. त्यांवरून टक्केवारी काढण्याचा माझा दावा नाही, पण वाचता वाचता काही गोष्टी डोळ्यांत भरतात. एखादे नाव दहा-बारा वर्षे टिकलेले असते आणि त्यापुढची पाच नावे मिळून तेवढी होत नाहीत. अलीकडच्या ओळींत नावाआधी 'प्र.' असे अक्षर येऊ लागते. प्र. म्हणजे प्रभारी. त्याच्याकडे शेवटी येऊ.

या फळ्यावर ज्यांचे नाव कधीच नसते, त्यांच्याविषयी हा लेख आहे. डिपोटी, स्कूलबोर्डाचे चेअरमन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर, शिक्षण सभापती. आपल्या मराठी शाळा चालवल्या त्या यांनी. शाळेत कोण शिकवायला येईल, किती दिवस राहील, पैसा कशावर खर्च होईल, हे सारे दीडशेहून अधिक वर्षे शाळेच्या भिंतींबाहेर ठरत आले. या विषयाच्या मागे लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती की, ही सगळी सरकारी बाबूगिरीची कहाणी असणार: गावाची शाळा सरकारने बळकावली आणि मास्तराचा कारकून केला. पुढे १८८२ आणि १९२८ सालची दोन निवेदने शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि ती समजूत मला बाजूला ठेवावी लागली.

आधी डिपोटींचे पाहू. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ साली सरकारी विद्याखाते उभे राहिले. पहिले डायरेक्टर अर्स्किनसाहेब. त्यांच्या हाताखाली इलाख्याच्या एकेका भागाला एज्युकेशनल इन्स्पेक्टर आणि त्यांच्याखाली जिल्ह्यांतून फिरणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यातल्या जिभेने या डेप्युटीचा डिपोटी केला आणि शब्द मराठीत कायमचा राहिला. शाळा तपासत फिरण्याचे काम त्याआधीही बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग अशा माणसांनी केले होते. पण तेव्हा शाळा थोड्या होत्या आणि तपासणारा विद्वान म्हणून ओळखीचा होता. १८५५ नंतर तपासणी हे खाते झाले.

त्यापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेला वरून कोणी तपासायला येत नसे. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत पंतोजी धुळाक्षरे आणि मोडी गिरवून घेई, पावकी-निमकी पाठ करून घेई, आणि पालक देतील त्या धान्यावर व पैशावर राही. त्याची बदली कोण करणार? शाळा म्हणजेच पंतोजी. ही आठवण काढून हळहळणारे पुष्कळ आहेत. मात्र त्या ओवरीत कोणाची मुले बसत आणि कोणाची पायरीलाही शिवू शकत नसत, हे त्या हळहळीत सहसा येत नाही.

नव्या शाळांना पैसा आला तो शेतकऱ्याच्या खिशातून. १८६३-६४ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली. हाच लोकल फंड. १८६९ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. म्हणजे रुपया सारा भरणारा कुणबी दर रुपयामागे चार पै शाळेसाठी मोजत होता, मग त्याचे पोर शाळेत जावो की गुरांमागे. पैसा गावचा होता, तरी गावाला त्याचा हिशेब मागता येत नव्हता. हिशेब डिपोटी घेत.

डिपोटी येणार म्हटले की, शाळा सारवली जाई, पताका लागत, हजेरीपट नव्याने शाईत उतरे. न येणाऱ्या पोरांना त्या दिवसापुरते घरोघर फिरून गोळा केले जाई. इयत्तांच्या परीक्षा डिपोटी स्वतः घेत. कविता, हिशेब, नकाशा. जाताना शेरेबुकात चार ओळी लिहीत आणि त्या चार ओळींवर मास्तराची बढती लटकलेली असे. या डिपोट्यांत चांगली माणसे नव्हती असे मुळीच नाही. 'बालबोध' मासिक चालवणारे विनायक कोंडदेव ओक याच खात्यात चढत डेप्युटी इन्स्पेक्टर झाले, आणि मराठी मुलांसाठी त्यांच्याइतके लिहिणारा माणूस त्या पिढीत दुसरा काढून दाखवणे कठीण आहे. पण डिपोटी चांगला असो की वाईट, शाळेला एक गोष्ट पक्की समजली होती. वर्ष एका दिवसासाठी असते. त्या दिवशी शाळा शाळेसारखी दिसली की झाले.

आमच्या लहानपणी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, डिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले होते. तरी गुरुजी आदल्या दिवशी जे सांगत, ते तेच होते: नखे कापून या, आणि साहेबांनी विचारले की हात सगळ्यांनी वर करायचा. ज्यांना उत्तर येते त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. ही युक्ती आमच्या गुरुजींनीच शोधली असे मला बरेच दिवस वाटत होते. नंतर निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या माणसांकडून तीच ऐकली.

आता पहिले निवेदन. १८८२ साली हंटर कमिशन शिक्षणाची पाहणी करीत असताना जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरला त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडले. त्यातली बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. शाळेच्या कारभाराविषयी ते काय म्हणाले, तिकडे फारसे कोणी वळत नाही. मास्तर शेतकरी जातींतले असावेत, नांगराला किंवा सुताराच्या वाकसाला हात घालायला न लाजणारे आणि रयतेत मिसळणारे असावेत. ते शिकून तयार झालेले असावेत आणि त्यांना पगार निदान बारा रुपये मिळावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस. डिपोटीने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. तपासणी निदान तिमाहीला व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी. पताकांचे नाटक फुल्यांनी ओळखले होते, हे या एका सूचनेवरून कळते. एकोणिसाव्या शतकात शाळेविषयी एवढ्या जवळून बोलणारा माणूस विरळा. त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, तपासणीला तोंडही दिले होते.

पण याच निवेदनात पुढे एक गोष्ट येते. प्राथमिक शाळांचा पैसा कोणाच्या हाती असावा? फुले म्हणतात, सर्वसाधारणपणे डायरेक्टरच्या. स्थानिक कमिट्यांवर शिकलेली, समजदार माणसे असतील तिथे कलेक्टरच्या किंवा डायरेक्टरच्या देखरेखीखाली त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही. पण सध्या या कमिट्यांवर पाटील, इनामदार, सरदार अशी अडाणी मंडळी बसलेली आहेत. पैशावर शहाणपणाने नजर ठेवणे त्यांना जमायचे नाही.

रयतेच्या आण्यासाठी आयुष्यभर भांडलेला माणूस तो आणा रयतेच्या गावातल्या पाटलाच्या हाती द्यायला तयार नव्हता. ब्राह्मण डिपोटींवर त्यांचा विश्वास नव्हता, विद्याखात्यावर त्यांनी टीकेची झोड उठवली होती, आणि तरीही पाटील की डायरेक्टर असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी डायरेक्टर निवडला. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा मागे जाऊन पाहिले.

सरकारने मात्र त्याच वर्षी रिपनसाहेबांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची वाट धरली. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, शाळा त्यांच्या नावावर झाल्या. हा बदल बराचसा कागदावरचा होता. बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर, मास्तर नेमणार आणि तपासणार खाते. मधल्या चाळीस वर्षांत इलाख्याबाहेर दुसरा एक मार्ग दिसला, तो संस्थानांचा. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ साली ते राज्यभर नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. इकडे ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे विधेयक १९१२ साली पडले होते. राजाला मनात आले की हुकूम काढता येत होता. कोल्हापूर-बडोद्याची उदाहरणे आपण अभिमानाने देतो, पण ती हुकमाची उदाहरणे आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

१९२१ साली द्विदल राज्यपद्धती आली आणि शिक्षण हिंदी मंत्र्याकडे गेले. मुंबईचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे. त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा कारभार खरोखरच बोर्डांकडे आला. लोकल बोर्डाने आपली स्कूलबोर्ड निवडायची, स्कूलबोर्डाने ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर ठेवायचा, मास्तर नेमायचे, बदलायचे. सक्तीच्या योजनेचा जो नवा खर्च येईल त्याचा दोनतृतीयांश भाग लोकल बोर्डांना सरकार देणार, म्युनिसिपालिट्यांना निम्मा. तपासणीसुद्धा बहुतांशी बोर्डाच्या नोकरांकडे गेली आणि सरकारजवळ जिल्ह्यागणिक मोजके अधिकारी उरले. परांजप्यांनंतर शिक्षणमंत्री झाले भास्करराव जाधव, शाहूंच्या कोल्हापुरात कारभार केलेले, ब्राह्मणेतर चळवळीतले मोठे नाव. कायदा अमलात आला तो बराचसा त्यांच्या काळात.

मास्तराच्या दृष्टीने काय बदलले? काल त्याचा मालक पुण्या-मुंबईला होता आणि वर्षातून एकदा घोड्यावरून येत होता. आज मालक तालुक्याच्या गावी राहत होता आणि दर तीन वर्षांनी मते मागत होता. बदली ही पूर्वी खात्याची सोय होती, आता ती बक्षीस किंवा शिक्षा होऊ शकत होती. बोर्डांत ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद शिरला. एका बाजूची तक्रार अशी की, जात पाहून मास्तर हलवले जातात. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, पन्नास वर्षे जात पाहूनच मास्तर नेमले गेले, तेव्हा कोणी ओरडले नाही. दोन्हींत तथ्य होते असे मला वाटते. फुल्यांना हवा असलेला शेतकरी मास्तर खात्याने आपण होऊन आणला नव्हता. बोर्डांच्या राजकारणाने त्याला दार किलकिले करून दिले. आणि त्याच राजकारणाने त्याला शिकवले की, नोकरी फळ्यापाशी टिकत नाही, चेअरमनच्या ओसरीवर टिकते.

त्याच १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना या ठरावाचा उल्लेख येतोच. सप्टेंबरात सरकारने त्याची अंमलबजावणी दोन रकान्यांत केली. सरकारी मालकीच्या जागांबाबत खातेप्रमुखांना हुकूम. स्थानिक संस्थांच्या जागांबाबत कलेक्टरांनी त्या संस्थांना विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ज्या वर्षी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडण्याचा ठराव झाला, त्याच वर्षीच्या कायद्याने इलाख्यातल्या बहुतेक खेड्यांतल्या शाळा खात्याच्या हातून बोर्डाच्या हाती गेल्या, म्हणजे हुकमाच्या रकान्यातून सल्ल्याच्या रकान्यात. हे कोणी मुद्दाम केले असे मला म्हणायचे नाही. एक कायदा शिक्षण खात्याचा, दुसरा ठराव एका सभासदाचा. पण महारवाड्यातल्या पोराला दोन्हींचा परिणाम एकदमच भोगावा लागला.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक पाहिले होते. १९२७ साली कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे ठेवले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागासवर्गाची १८. पुढल्या वर्षी सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी निवेदन दिले, तेच माझ्या डोक्यात बसलेले दुसरे निवेदन. १९२३ चा कायदा रद्द व्हावा आणि प्राथमिक शिक्षण स्कूलबोर्डांकडे सोपवणे थांबावे, नाहीतर अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणाला मोठा धक्का बसेल, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. सक्ती हवी, आणि शाळेतला प्रवेश कडकपणे अमलात आणला जावा, हेही.

फुल्यांच्या निवेदनानंतर सेहेचाळीस वर्षांनी आलेले हे निवेदन. मधल्या काळात पाटील-इनामदारांची जागा निवडून आलेल्या सभासदांनी घेतली होती आणि त्यांपैकी कित्येक स्वतःला फुल्यांचे अनुयायी म्हणवत होते. तरी प्रश्न तोच राहिला. शाळा गावाची करा म्हणताना गाव म्हणजे कोण? बोर्डावर अस्पृश्यांचा एखादा नेमलेला सभासद, आणि बाकीचे असे की ज्यांच्या आळीतली मुले त्या पोराशेजारी बसवायची होती. अशा ठिकाणी दूरवरच्या डायरेक्टरचा कोरडा नियम जवळच्या चेअरमनच्या मर्जीपेक्षा बरा वाटला, तर त्यात नवल काय? स्थानिक पुढारपणाची थोरवी गाणाऱ्या लेखांत ही दोन निवेदने मला क्वचितच भेटली. विकेंद्रीकरण आपोआप न्याय्य असते असे धरून चालणाऱ्यांना ती अडचणीची आहेत.

१९२९ च्या हार्टोग कमिटीनेही बोर्डांवर ठपका ठेवला, पण वेगळ्या कारणाने. तिच्या म्हणण्याप्रमाणे शाळा फुगल्या, शिक्षण फुगले नाही. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत अठराच उरली होती. उपाय काय, तर विस्तार आवरा, दर्जा सुधारा, तपासणी वाढवा. मुंबईच्या म्युनिसिपल शाळांचा कारभार जवळून पाहिलेले रा. वि. परुळेकर यांनी या निष्कर्षांना आकड्यांनीच उत्तर दिले आणि आधी सगळी मुले शाळेत आणण्याचा आग्रह धरला. हार्टोगचा सूर डिपोटीच्या खुर्चीतला होता. आंबेडकरांची हरकत त्या खुर्चीतली नव्हती, हा फरक नीट राखला पाहिजे.

पुढे बोर्डांचे पंख छाटण्याचे काम लोकनियुक्त सरकारनेच केले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३८ साली कायदा दुरुस्त करून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर सरकारी नोकर केला आणि तपासणी परत सरकारकडे घेतली. १९४७ च्या कायद्याने हीच घडी पक्की केली. बोर्ड राहिले, चेअरमन राहिले, पण सही सरकारी माणसाची. या सगळ्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला तो जे. पी. नाईकांनी. कोल्हापूरजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेल्या, धारवाड भागात खेड्यांतून काम केलेल्या या माणसाने १९४२ साली लोकल फंडाच्या त्या एका आण्याचाच इतिहास लिहिला. रुपयामागच्या चार पैंवर आख्खे पुस्तक. असे पुस्तक लिहिणाऱ्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते हे कबूल करतो.

मास्तराच्या हाती स्वतःचे असे काय उरले होते? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर आठवावा. ती गोष्ट औंध संस्थानातली, स्कूलबोर्डाच्या मुलखातली नव्हे. तो मास्तर रिकाम्या शाळेत पोरे जमवतो, लोकांचे कागद लिहितो, भांडणे सोडवतो, तालीम बांधायला घेतो. गावात त्याला मान मिळतो तो शाळेबाहेरच्या या कामांतून, आणि तोही कारभाऱ्याने पाठीवर हात ठेवल्यावर. हुकूम त्याच्याजवळ कसलाच नाही. नेतृत्व त्याच्याकडे कोणी सोपवलेले नाही, ते त्याच्यावर येऊन पडते. जुन्या शिक्षकांशी बोलताना असेच काहीतरी पुन्हा पुन्हा ऐकू येते: गावाने आम्हाला जे केले ते केले, खात्याने काही केले नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून झालेल्या कायद्याने पश्चिम महाराष्ट्रातली जिल्हा स्कूलबोर्डे, विदर्भातल्या जनपद सभा आणि मराठवाड्यातल्या निजामी काळापासून थेट सरकारी असलेल्या शाळा, हे तीन वेगळे संसार एका छपराखाली आणले. खेड्यातल्या शाळांच्या संख्येत पुढे जी वाढ झाली तिचे श्रेय या व्यवस्थेला द्यावेच लागेल. पण त्याचबरोबर जिल्ह्यातला सर्वांत मोठा शिकलेला वर्ग, प्राथमिक शिक्षक, जिल्ह्याच्या राजकारणाच्या मधोमध येऊन बसला. त्याच्या पतसंस्थेची निवडणूक म्हणजे जिल्ह्यातला दुसरा जिल्हा परिषदेचा सामना. (काही ठिकाणी पहिला.) प्रशासकीय बदली, विनंती बदली, आपसी बदली असे बदलीचे प्रकार झाले, आणि उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक जिल्ह्याच्या गावी मुक्काम ठोकू लागले.

यावर विचार झाला नव्हता असे नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईकच होते. कारभार आणि मार्गदर्शन ही दोन कामे एका माणसाकडे ठेवू नका, असे आयोगाने सुचवले. ज्याच्या हाती बदली आहे त्याला शिक्षक आपली अडचण सांगणार नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. दुसरी सूचना शाळासंकुलाची: एका हायस्कूलभोवतीच्या प्राथमिक शाळांनी एकत्र येऊन पुस्तके, साधने, शिक्षक वाटून घ्यावेत, मुख्याध्यापकांनी एकत्र बसून ठरवावे, वरून येणाऱ्या साहेबाची वाट कमी पाहावी. महाराष्ट्रात यावर काही प्रयोगही झाले. नव्वदीच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले ते याच कल्पनेच्या पोटी. प्रत्यक्षात केंद्रप्रमुख हा माहिती गोळा करून वर पाठवणारा आणखी एक टप्पा झाला. डिपोटी वर्षातून एकदा माहिती मागत. ही माहिती आता आज दुपारी चारपर्यंत मागितली जाते.

अपवाद झाले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे नाव दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभर गाजले. तिथे विस्तार अधिकाऱ्याने शाळाभेटीचा अर्थच उलटा केला. तपासायला जाण्याऐवजी शिक्षकांबरोबर वर्गात बसून मुले कशी शिकतात ते पाहायला सुरुवात केली आणि सगळ्या बीटमधल्या शाळा एकमेकींकडून शिकू लागल्या. मग राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला येऊ लागल्या. परत गेल्यावर बहुतेकांनी नेले ते फरशीवर रंगवलेले अंक आणि अक्षरे. ते नेणे सोपे होते. साहेबाचे वर्गात खाली बसणे परिपत्रकातून नेता येत नाही. रंगवलेली फरशी नंतर तपासणीचा मुद्दा झाली: आहे की नाही?

२७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर आल्या. जिल्ह्याची सर्वसाधारण आणि अवघड अशी दोन क्षेत्रे, सेवेची वर्षे, आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण यांचे क्रम, आणि शाळांची पसंती यादी. २०१८ च्या उन्हाळ्यात याप्रमाणे बदल्या झाल्या तेव्हा शिक्षकांत एक शब्द रुळला: खो. अधिकार असलेल्या शिक्षकाने तुमची शाळा मागितली की तुम्हाला खो बसला. पुढाऱ्यांच्या ओसऱ्या ओस पडल्या, हे खरेच झाले. वर्षानुवर्षे दुर्गम भागात अडकलेली, शिफारस नसलेली माणसे खाली उतरली. फुल्यांना आणि आंबेडकरांना जो कोरडा नियम हवा होता, त्याचे हे एक रूप म्हणता येईल. पण या नियमाच्या एकाही रकान्यात शाळा नव्हती. इथे पाच वर्षांत काय उभे राहिले, ते अर्धवट सोडून हा माणूस गेला तर काय होईल, गावाचे म्हणणे काय, हे विचारण्याची सोयच नव्हती. चेअरमन शाळेचा विचार मर्जीने तरी करू शकत होता. संगणक तेवढाही करीत नाही.

राहता राहिला 'प्र.'. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया. बोर्डांच्या इतिहासाकडे पाहता हे पाऊल मोठे होते. गाव म्हणजे कोण, या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे पहिले ठोस उत्तर: ज्याची मुले शाळेत आहेत तो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकसंख्येचे कोष्टक आहे. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेल्यावर. सहावी ते आठवीला शंभरच्या वर. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत. त्यांचा पट दीडशेच्या जवळपासही जात नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तिथे मुख्याध्यापक नाहीच. दोघांतला जो सेवाज्येष्ठ, तो प्रभारी.

हा प्रभारी व्यवस्थापन समितीचा सचिव असतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, यू-डायसची माहिती भरतो, बँकेत जातो, केंद्राच्या बैठकीला जातो. त्या दिवशी दुसरा शिक्षक चारही वर्ग एका खोलीत बसवतो. एखाद्या शाळेत दोन्ही शिक्षक एकाच उन्हाळ्यात बदलून गेले, तर जूनमध्ये कुलपाची किल्ली समितीच्या अध्यक्षांकडून घ्यावी लागते, आणि कोणते मूल कुठवर वाचते हे त्या गावात सांगणारे कोणी उरलेले नसते.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका शाळेत फळा उतरवून घेत होतो. फळ्यावरची जागा संपली होती. शेवटची तीन नावे कागदावर छापून सेलोटेपने खाली चिकटवली होती. तिन्ही नावांआधी प्र. होते, आणि तिसऱ्यापुढचा 'पर्यंत'चा रकाना पेन्सिलीने भरलेला होता.